मार्शल स्टॅबिलिटी: एकाच मिक्सच्या तीन नमुन्यांत एवढा फरक कशामुळे?

खडी_तेरा

रस्त्याच्या डांबरी मिक्सची मार्शल चाचणी केली: मोल्डमध्ये हॅमरने ठोकलेला गोल नमुना ६० अंशांना दाबून तोडायचा, तो पेलतो तो कमाल लोड म्हणजे स्टॅबिलिटी (केएन, किलोन्यूटनमध्ये) आणि तोवर तो जेवढा चेपतो तो फ्लो. डेन्स ग्रेडेड मिक्स आहे, खडीची नॉमिनल साइज १२.५ मिमी. डांबर ६०/७० पेनिट्रेशनचं, एकूण मिक्सच्या वजनाच्या ५.२%. दोन्ही बाजूंना हॅमरचे ७५-७५ ब्लो (ठोके). एकाच घाण्यात तिन्ही नमुन्यांचं मटेरियल मिसळून ओळीने तीन मोल्ड भरले. आकडे असे आहेत:

नमुना १: उंची ६३.३ मिमी. कोरडं वजन १२४८.६ ग्रॅम, पाण्यातलं ७३८.९, पृष्ठभाग पुसून १२५०.१. स्टॅबिलिटी १३.१ केएन, फ्लो ३.१ मिमी.

नमुना २: उंची ६६.९ मिमी. कोरडं १२५१.३, पाण्यात ७२४.०, पुसून १२५८.८. स्टॅबिलिटी ९.६, जास्त आकारमानाची दुरुस्ती करून ९.२ केएन. फ्लो ४.६ मिमी.

नमुना ३: उंची ६३.९ मिमी. कोरडं १२४६.९, पाण्यात ७३५.२, पुसून १२४९.०. स्टॅबिलिटी १२.२ केएन, फ्लो ३.४ मिमी.

लूज (न दाबलेल्या) मिक्सचं जीएमएम, म्हणजे हवा अजिबात नसताना येणारी कमाल घनता, २.५३१. तिन्हींची सरासरी स्टॅबिलिटी ११.५ येते, म्हणजे मर्यादेच्या बरीच वर. पण सरासरी हवेची पोकळी ५.१% निघते. डांबर ५.५ पर्यंत वाढवावं का?

चाळणी_आठ

थांबा, डांबराला एवढ्यात हात लावू नका. आधी तुमच्याच आकड्यांची फोड करू.

आकारमान म्हणजे पुसलेलं वजन वजा पाण्यातलं वजन. पहिल्याचं ५११.२ घन सेंमी, दुसऱ्याचं ५३४.८, तिसऱ्याचं ५१३.८. कोरड्या वजनाला त्याने भागलं की जीएमबी, म्हणजे दाबलेल्या नमुन्याची घनता मिळते: २.४४२, २.३४०, २.४२७. ती जीएमएमपेक्षा जेवढे टक्के कमी तेवढी हवेची पोकळी, म्हणजे ३.५%, ७.५% आणि ४.१%.

आता पाहा. दुसऱ्या नमुन्याचं वजन बाकीच्यांइतकंच आहे, उंची मात्र तीन मिमीने जास्त. मटेरियल तेवढंच, जागा जास्त व्यापली, म्हणजे तो दबलाच नाही. पाणीही साडेसात ग्रॅम प्यायला, पहिला दीडच ग्रॅम. त्याची स्टॅबिलिटी कमी येणारच. हा मिक्सचा दोष नाही, कॉम्पॅक्शनचा आहे.

उंची ६३.५ ला अधिक-उणे २.५ मिमी एवढीच सूट आहे. ६६.९ त्याच्या बाहेर जातो, त्यामुळे हा नमुना सरासरीत घ्यायचाच नव्हता. तो वगळून मोजलं तर पोकळी ३.८% आणि स्टॅबिलिटी १२.६५. एका न दबलेल्या नमुन्याने ३.८ चे ५.१ केले, आणि त्या भरवशावर तुम्ही ०.३% डांबर वाढवायला निघालात. वाढवलं असतं तर रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या असत्या आणि नाव खडीचं खराब झालं असतं.

खडी_तेरा

हे लक्षात आलं नव्हतं. पण ब्लो मोजून ७५ च दिले आहेत, हॅमर यांत्रिक आहे, काउंटर लावलेला आहे. मग दबला का नाही?

गरम_घमेलं

तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये उत्तर आहे: "एकाच घाण्यात मिसळून ओळीने तीन मोल्ड भरले". एका नमुन्याला दोन्ही बाजू मिळून १५० ब्लो, मध्ये मोल्ड उलटायचा, कागद लावायचा. तेवढ्यात घमेल्यात उरलेलं मिक्स थंड होत राहतं. तिसरा नीट निघाला आणि दुसराच बिघडला, यावरून वाटतं की मध्ये कुठेतरी मोल्ड थंड होता, किंवा मिक्स मोल्डमध्ये भरून हॅमर मोकळा होईपर्यंत तसंच पडून राहिलं.

तापमान अंदाजाने धरायचं नाही. डांबराची व्हिस्कॉसिटी वेगवेगळ्या तापमानांना मोजून आलेख काढा. मिसळण्याचं तापमान ०.१७ पास्कल-सेकंदाला (अधिक-उणे ०.०२), कॉम्पॅक्शनचं ०.२८ ला (अधिक-उणे ०.०३). पॉलिमर घातलेल्या डांबराला हा नियम लावू नका. आलेखावरून येणारं तापमान इतकं चढं निघतं की डांबर जळेल. तिथे पुरवठादार सांगेल तेच तापमान.

मोल्ड, कॉलर (मोल्डवर बसणारं कडं) आणि हॅमरचा तळवा हे सगळं ९३ ते १४९ अंशांच्या दरम्यान तापलेलं हवं. मोल्ड ओव्हनमध्ये ठेवतात सगळे, हॅमरचा तळवा मात्र विसरतात. थंड लोखंडी तळवा टेकला की वरचा थर तिथेच आखडतो. नमुन्याचं एक तोंड गुळगुळीत आणि दुसरं खडबडीत दिसलं की हेच झालंय असं समजा.

आणि मिक्स कॉम्पॅक्शनच्या तापमानाखाली गेलं तर परत तापवायचं नाही, टाकून द्यायचं. परत तापवलं की डांबर आणखी कडक होतं, नमुना खोटी ताकद दाखवतो.

चाळणी_आठ

गरम_घमेलं यांच्याशी सहमत, फक्त एक भर. एक घाणा, तीन नमुने हीच पद्धत मुळात चुकीची. प्रत्येक नमुन्याची खडी वेगळी वजन करायची, तीही चाळणीनिहाय. मिसळलेल्या ढिगातून खोऱ्याने १२०० ग्रॅम उचलले तर जाड दाणे घसरून कडेला जातात, भुकटी तळाशी बसते. मग पहिल्या नमुन्यात खडी आणि शेवटच्यात भुकटी. साधारण १२०० ग्रॅम खडी, त्यावर हिशेबाने डांबर, असा एकेक नमुना वेगळ्या भांड्यात.

त्या वेगळ्या भांड्यांचीही एक खोड असते. कोऱ्या भांड्याला डांबर आणि भुकटी चिकटून राहते आणि पहिल्या नमुन्यातलं डांबर तेवढं कमी होतं. म्हणून सुरुवातीला एक फालतू घाणा फिरवून भांडं माखून घ्यायचं, तो फेकायचा, मग खरे नमुने.

मोल्ड_नं_सात

मोल्ड भरण्याबद्दल थोडं, कारण इथे हात वेगळा की निकाल वेगळा.

तळाला गोल कागद. सगळं मिक्स एकदम मोल्डमध्ये. तापवलेल्या पात्याने कडेकडेने १५ वेळा आणि मध्ये १० वेळा भोसकायचं. कडेचे १५ का? मोल्डच्या भिंतीलगत जाड खडी अडकून पोकळ्या राहतात, त्या मोडायला. मग वरचा भाग जरा घुमटासारखा करायचा, वर कागद, वर कॉलर. हॅमर ४.५३६ किलो, पडण्याची उंची ४५७.२ मिमी, तळव्याचा व्यास ९८.४ मिमी. हाताने मारत असाल तर दांडा सरळ उभा धरा. तिरका धरला की वजन दांड्याला घासत खाली येतं, आवाज तेवढाच येतो, मार कमी बसतो.

नमुना गरम असताना मोल्डमधून काढू नका, वाकडा होतो. खोलीच्या तापमानाला आला की जॅकने हळू ढकलायचा.

पहिल्या चाचणी नमुन्याची उंची चुकली तर खडीचं वजन असं बदला: ६३.५ गुणिले वापरलेलं वजन, भागिले मिळालेली उंची. समजा १२०० ग्रॅममध्ये ६५.२ मिमी आली, तर पुढच्याला ११६९ ग्रॅम. पण तुमच्या नमुना २ ला हे सूत्र लावू नका. तिथे मटेरियल जास्त नव्हतं, दाब कमी पडला होता.

ब्लो_पंचाहत्तर

यांत्रिक हॅमरवर काउंटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काउंटर ब्लो मोजतो, मार मोजत नाही. साखळी ढिली झाली की वजन पूर्ण उंचीवरून सुटत नाही.

खालचा ठोकळाही बघा. मूळ पद्धतीत सुमारे २०० × २०० × ४६० मिमीचा लाकडी खांब, त्याची कोरडी घनता ६७० ते ७७० किलो प्रति घनमीटर, वर ३०५ × ३०५ × २५ मिमीची पोलादी प्लेट, आणि हे सगळं जाड काँक्रीटच्या फरशीला पक्कं बांधलेलं. लाकूड चिरलं, बोल्ट ढिले झाले, किंवा अख्खं मशीन पोकळ फरशीवर ठेवलं, तर माराचा काही भाग जमीन गिळते. त्याच मिक्सची घनता दोन लॅबमध्ये वेगळी येण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि बहुतेक वेळा भांडण मात्र डांबराच्या टक्क्यावर चालतं.

मानक पद्धत हातातल्या सपाट तळव्याच्या हॅमरची. फिरत्या किंवा तिरक्या तळव्याचं यांत्रिक हॅमर वापरायचं असेल तर त्याच मिक्सचे दोन्ही पद्धतींनी नमुने करून घनता जुळवायची आणि यांत्रिक ब्लोंची संख्या त्याप्रमाणे ठरवायची. ती ७५ च निघेल असं नाही.

सरळ_रेघ

नमुना २ च्या दुरुस्तीबद्दल शंका. ९.६ चे ९.२ केले म्हणजे गुणक ०.९६ घेतला. पण ६६.९ मिमी उंचीला तर तक्त्यात ०.९३ आहे (६६.७ मिमीसमोर). मग ८.९ यायला हवं ना?

चाळणी_आठ

चांगलं पकडलंत. तक्त्यात दोन रस्ते आहेत, उंचीचा आणि आकारमानाचा. ५०९ ते ५२२ घन सेंमीला १.००, ५२३ ते ५३५ ला ०.९६, ५३६ ते ५४६ ला ०.९३. खडी_तेरा यांनी आकारमानाने घेतलं, ५३४.८ म्हणून ०.९६. नीट दबलेल्या, गुळगुळीत नमुन्यात दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. इथे पोचले नाहीत, कारण नमुन्याची तोंडं खडबडीत आहेत. कॅलिपर उंचवट्यांवर टेकतो आणि खळगे मोजत नाही, उलट पाण्यातल्या वजनात खळगे वजा होतात. १०१.६ मिमी व्यास धरून ६६.९ उंचीचं आकारमान ५४२ येतं, तुमचं पाण्यातून ५३५. सात घन सेंमीचा हा फरक म्हणजे नमुना रद्द करायचं आणखी एक कारण.

उंची चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या. एका बाजूला दीड मिमी जास्त असेल तर नमुना तिरका आहे. हेडमध्ये (मशीनच्या दोन जबड्यांत) तो एका कडेवर आधी दाबला जाईल आणि फ्लो फुगेल.

बाथ_साठ

आता बाथपासून मशीनपर्यंतचं. इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि नेमकी तिथेच घड्याळाची गरज असते.

बाथ ६० अंश, अधिक-उणे १. नमुना ३० ते ४० मिनिटं पाण्यात. ओव्हन वापरत असाल तर दोन तास. बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, नमुन्याच्या उंचीवर वेगळा थर्मामीटर टांगा. सेन्सर हीटरजवळ असतो. पाणी फिरत नसेल तर कोपऱ्यात ५८ आणि मध्ये ६१ असा प्रकार होतो. नमुने तळावर थेट नको, जाळीवर ठेवा, म्हणजे खालून पाणी खेळतं. आणि सगळे एकदम बुडवू नका. तोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक बुडवा, नाहीतर पहिला ३० मिनिटांचा आणि सहावा ५० मिनिटांचा होतो.

बाहेर काढल्यापासून कमाल लोड येईपर्यंत ३० सेकंद. त्यात पुसणं, हेडमध्ये बसवणं, वरचा अर्धा भाग चढवणं, फ्लो मीटर लावणं सगळं आलं. म्हणून हेड आधी तयार ठेवायचा. हेडचं तापमान २० ते ४० च्या मध्ये. सकाळी थंडगार हेडवर पहिला नमुना तोडला की त्याचं पृष्ठ लगेच कडक होतं आणि आकडा बाकीच्यांपेक्षा वर जातो.

गाइड रॉडला तेल हवं, वरचा भाग स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडकत असेल तर घर्षणाचा लोडही तुम्ही स्टॅबिलिटीत मोजताय. हेडच्या आतल्या वक्र भागावर मागच्या नमुन्याचं डांबर चिकटलेलं असतं, ते प्रत्येक वेळी पुसा. लोडचा वेग मिनिटाला ५०.८ मिमी. मशीन मोकळं चालवून स्टॉपवॉच आणि स्केलने तो तपासा. लोड आल्यावर मोटर मंदावत असेल तर तेही कळायला हवं.

फ्लो_गेज

फ्लोच्या आकड्यातली एक जुनी गफलत. काही पुस्तकांत फ्लो ८ ते १४ असा दिसतो, काहींत २ ते ३.५ मिमी. दोन्ही एकच. जुनं एकक ०.२५ मिमीचं, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. "फ्लो १२" म्हणजे ३ मिमी, १२ मिमी नव्हे. रजिस्टरमध्ये एकक लिहिलं नाही की पुढचा माणूस गोंधळतो.

शिवाय फ्लो कुठे वाचायचा? कमाल लोडला, लोड खाली येऊ लागल्यावर नाही. डायल गेजवर एकच माणूस लोड आणि फ्लो दोन्ही बघत असेल तर तो हमखास उशिरा वाचतो. लोड सेलला जोडलेला आलेख मिळत असेल तर सुरुवातीचा वाकडा भाग सोडा. तो नमुना हेडमध्ये बसण्याचा आहे. सरळ भागाची रेघ मागे वाढवून जिथे शून्याला मिळते तिथून मोजायचं.

दणकट

एवढा ऊहापोह कशाला? स्टॅबिलिटी मर्यादेच्या दीडपट आली की मिक्स भक्कम. १५-१६ केएन आणा आणि निश्चिंत व्हा.

चाळणी_आठ

दणकट भाऊ, इथेच तर घोळ आहे. १६ केएन आणायला काही अवघड नाही. भुकटी वाढवा, डांबर कमी करा, ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवा, आकडा वर जातो. फ्लो १.५ वर येतो. असं मिक्स ६० अंशाला दगडासारखं आणि थंडीत बिस्किटासारखं.

चाचणी काय करते ते बघा. गोल नमुना आडवा ठेवून दोन अर्धगोल जबड्यांत दाबायचा. बाजूंना अर्धवट आधार, वरून दाब. चाकाखाली रस्त्याला जो ताण येतो त्याचं हे चित्र नाही. १९३९ च्या सुमाराला मिसिसिपीच्या महामार्ग खात्यात ब्रूस मार्शल यांनी ही पद्धत मांडली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या इंजिनीअर दलाने धावपट्ट्यांसाठी ती घडवली. तेव्हा हवी होती ती छोट्या, हलक्या यंत्रावर डांबराचं योग्य प्रमाण ठरवायची सोय. त्या कामाला ती आजही चांगली आहे. दोन वेगळ्या खडींची किंवा दोन वेगळ्या डांबरांची तुलना करायला तेवढी चांगली नाही.

अॅस्फाल्ट इन्स्टिट्यूटचे जड वाहतुकीचे निकष बघा: ७५ ब्लो, स्टॅबिलिटी किमान ८ केएन, फ्लो २ ते ३.५ मिमी, पोकळी ३ ते ५%, डांबराने भरलेली पोकळी ६५ ते ७५%. स्टॅबिलिटीला फक्त खालची मर्यादा आहे, बाकी सगळ्यांना दोन्ही बाजूंच्या. मिक्स बसतं किंवा पडतं ते त्या बाकीच्यांवर.

दणकट

मान्य. मग खडी_तेरा यांचं मिक्स बाकीच्यांत बसतं का?

मिक्स_हिशेब

बसतं, पण काठावर. खडीचं जीएसबी, म्हणजे बल्क घनता (दाण्यांची छिद्रं धरून) त्यांनी दिलेलं नाही. उदाहरणापुरतं २.७१२ आणि डांबराची घनता १.०२ धरतो.

नमुना १ आणि ३ चं सरासरी जीएमबी २.४३५. व्हीएमए, म्हणजे खडीच्या दाण्यांमधली एकूण जागा (हवा आणि डांबर मिळून) = १०० − २.४३५ × ९४.८ ÷ २.७१२ = १४.९%. पोकळी ३.८. भरलेली पोकळी = (१४.९ − ३.८) ÷ १४.९ = ७४.५%. १२.५ मिमी साइजला ४% पोकळीवर व्हीएमए किमान १४, तिथे ठीक. भरलेली पोकळी मात्र ७५ ला टेकली आहे. डांबर वाढवण्याऐवजी ५.० चे तीन नमुने करून पाहायला हवेत. खरं तर डांबराच्या प्रमाणाच्या पाच पायऱ्या, अर्ध्या-अर्ध्या टक्क्याच्या अंतराने, प्रत्येकी तीन नमुने, हे काढल्याशिवाय ५.२ आलं कुठून हाच माझा प्रश्न आहे.

आता जीएमएम. पोकळीचा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा असतो. निर्वात पात्रात हवा पूर्ण निघाली नाही तर आकारमान जास्त मोजलं जातं आणि जीएमएम कमी येतं. खरं २.५४५ असताना २.५३१ मिळालं तर नमुना १ ची पोकळी ४.०५ ऐवजी ३.५ दिसते. म्हणजे मिक्स दाट आहे असं वाटून डांबर कमी केलं जातं.

हवा राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गोळे. मिक्स थंड होताना हाताने मोकळं करत राहायचं, बारीक भागाचा एकही गोळा ६.३ मिमीपेक्षा मोठा नको. खडी मात्र फोडायची नाही. मग पाण्यात बुडवून ३० मिमी पाऱ्याइतक्या किंवा त्याहून कमी शेष दाबाखाली १५ मिनिटं, हलवत. पंपाच्या गेजवर दाब कमी दिसतो पण नळी गळत असते, म्हणून मॅनोमीटर पात्राला जोडा, पंपाला नको.

मिळालेल्या आकड्याची एक सोपी झडती: जीएसई, म्हणजे जीएमएमवरून उलट काढलेली खडीची घनता काढा. ९४.८ ÷ (१०० ÷ २.५३१ − ५.२ ÷ १.०२) = २.७५५. हा खडीच्या बल्क आणि ॲपरंट (छिद्रं सोडून मोजलेल्या) घनतेच्या मध्ये पडलाच पाहिजे. बल्कपेक्षा कमी आला तर कुठलीतरी एक चाचणी चुकली आहे. वादच नाही. आणि वेगवेगळ्या डांबर टक्क्यांच्या मिक्सचे जीएसई जवळपास सारखे यायला हवेत, खडी तीच आहे ना.

खडी_तेरा

५.० आणि ५.५ दोन्हीचे नमुने करतो. अजून एक: प्लँटवरून आणलेल्या मिक्सची स्टॅबिलिटी लॅबच्या मिक्सपेक्षा नेहमी जास्त का येते?

गरम_घमेलं

परत तापवल्यामुळे. डंपरमधून आणलेलं मिक्स थंड होतं, मग लॅबमध्ये ते मोकळं करायला तास-दोन तास ओव्हनमध्ये जातं. डांबराचं वय वाढतं. शक्य असेल तर प्लँटवरच गरम असताना मोल्ड भरा. तापवावं लागलंच तर मोठ्या ढिगाऐवजी एका नमुन्यापुरतं, उथळ ट्रेमध्ये, झाकून, आणि फक्त कॉम्पॅक्शनच्या तापमानापर्यंत. उलट लॅबमध्ये ताजं मिसळलेलं मिक्स लगेच दाबलं तर खडीला डांबर प्यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे दोन्हींची तुलना मुळात लंगडी. लॅबचं लूज मिक्स कॉम्पॅक्शनच्या तापमानाला दोन तास ट्रेमध्ये पसरून ठेवलं की दोन्ही आकडे जवळ येतात.

डंपरमधून नमुना घेताना वरच्या शंकूच्या पायथ्याचं मटेरियल नको, तिथे जाड खडी गोळा झालेली असते.

पाणी_मुरतं

६० अंशाला १३ केएन असलेलं मिक्स पाण्यात सोलून निघू शकतं, मार्शल ते सांगत नाही. त्यासाठी इनडायरेक्ट टेन्साइल (नमुना आडवा दाबून फाडायची ताकद) आणि टीएसआर (भिजलेल्या नमुन्यांची ताकद भागिले कोरड्यांची). आश्टो (अमेरिकी महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) टी २८३ प्रमाणे थोडक्यात:

किमान सहा नमुने, पोकळी ७% अधिक-उणे ०.५. इतकी पोकळी मिळवायला ब्लो कमी करायचे. किती, ते २०, ३०, ४० असे मारून आलेखावर बघा. दोन गट असे पाडा की दोन्हींची सरासरी पोकळी सारखी येईल. एक गट कोरडा. दुसरा निर्वातात पाणी पाजून ७० ते ८०% संपृक्त करायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत १० मिली पाणी घालून उणे १८ अंशांवर किमान १६ तास, मग ६० अंशांच्या पाण्यात २४ तास, शेवटी दोन्ही गट २५ अंशांवर दोन तास. मग तोडायचे, वेग तोच ५० मिमी प्रति मिनिट.

संपृक्ततेचा हिशेब आधीच कागदावर करून ठेवा. समजा आकारमान ५१२ घन सेंमी, पोकळी ७.१%, कोरडं वजन १२०३.९ ग्रॅम. पोकळ्यांचं आकारमान ३६.४. त्याचे ७० ते ८०% म्हणजे २५.४ ते २९.१ ग्रॅम पाणी. काट्यावर पुसलेलं वजन १२२९.३ ते १२३३.० मध्ये यायला हवं. कमी आलं तर परत निर्वातात घाला. जास्त झालं तर तो नमुना बाद, वाळवून परत वापरायचा नाही. पाणी कोंबल्यामुळे आतला सांधा आधीच ढिला झालेला असतो.

ताकद = २ × लोड ÷ (π × उंची × व्यास). ६३.५ उंची, १०१.६ व्यास, ९.८ केएन लोड म्हणजे ९६७ किलोपास्कल. भिजलेल्या गटाची ७.४ केएनला ७३०. गुणोत्तर ०.७५. किमान ०.८० हवं, म्हणजे नापास.

फ्लो_गेज

यात पट्टीचं विसरू नका. १०१.६ व्यासाच्या नमुन्याला लोडिंग पट्टी १२.७ मिमी रुंद, आणि तिचा वक्र नमुन्याच्या वक्राला जुळणारा. सपाट पट्टी लावली तर लोड एका रेषेवर येतो, नमुना तिथेच चेपतो आणि मध्यातून फाटत नाही. तुटलेला नमुना उभा दोन भागांत फाटला पाहिजे. पट्टीखाली पाचर पडली असेल तर तो आकडा वापरू नका.

पाणी_मुरतं

बरोबर. आणि फाटलेली तोंडं हातात घेऊन बघा, आकड्याइतकीच ती बोलतात. काळ्या पृष्ठात स्वच्छ, उघडी खडी दिसली तर डांबर सोललं आहे. खडी स्वतःच मधून तुटली असेल तर डांबराचा दोष नाही, खडी कच्ची आहे. टीएसआर ०.९५ आला तरी दोन्ही गटांची ताकद मुळातच कमी असू शकते. दोन दुबळ्यांचं गुणोत्तर छानच दिसतं.

सिलिका जास्त असलेल्या खडीत, ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटमध्ये, हा त्रास जास्त. उपाय म्हणून खडीच्या वजनाच्या १ ते १.५% विरीचा चुना, किंवा डांबरात अँटी-स्ट्रिपिंग द्रव. चुना कोरडा भुरभुरण्यापेक्षा ओलसर खडीवर जास्त नीट बसतो. चुना घातला की तेवढी भुकटी कमी करा, नाहीतर व्हीएमए घसरतं आणि वर मिक्स_हिशेब यांनी मांडलेला सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

सरळ_रेघ

शेवटची शंका. बेस कोर्सला (रस्त्याच्या खालच्या थराला) खडी ३७.५ मिमी आहे. १०१.६ च्या मोल्डमध्येच करायचं का?

मोल्ड_नं_सात

नाही. २५ मिमीच्या वर खडी गेली की लहान मोल्डमध्ये एकदोन दगडच सगळा लोड घेतात. १५२.४ मिमी व्यास, ९५.२ मिमी उंचीचा मोल्ड, १०.२ किलोचं हॅमर. लहान मोल्डच्या ७५ ब्लोंच्या जागी ११२. नमुन्याला चार किलोच्या आसपास मिक्स लागतं. निकषही बदलतात, स्टॅबिलिटी २.२५ पट आणि फ्लो दीडपट. म्हणजे लहान नमुन्याला ८ केएन मागत असतील तर मोठ्याला १८. जुन्या २२ केएनच्या प्रूव्हिंग रिंगवर (लोड मोजायच्या कड्यावर) चांगलं मिक्स रिंगच्या हद्दीबाहेर जाईल, त्यामुळे तोडायला घेण्याआधी रिंगची क्षमता बघून घ्या.

खडी_तेरा

५.२ चे तीन नवे नमुने, वेगळ्या भांड्यांत, हॅमरचा तळवा तापवून: उंची ६३.२, ६३.६, ६३.४. जीएमबी २.४३९, २.४३३, २.४३६. स्टॅबिलिटी १२.८, १२.४, १२.९, फ्लो ३.२, ३.३, ३.१. सरासरी पोकळी ३.८. ५.० चे नमुने मोल्डमध्ये थंड होतायत. जीएमएम परत करतोय, मॅनोमीटर पंपालाच जोडलेला होता.